बेनचं बसणं

आमच्या बेनना कुणाच्या समोर बसता येत नसे. मधे टेबल, पलीकडे माणूस, अलीकडे आपण, असं बोलणं त्यांना जमतच नसे. त्या शेजारी बसायच्या. मधे वीतभर अंतर ठेवून, दोघांचंही तोंड एकाच दिशेला. शहाद्यात एसटी स्टँडजवळ बी-बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर त्यांचं केंद्र होतं. तिथं टेबल नव्हतंच. चटया होत्या, आणि खिडकीकडे तोंड करून बसायची सगळ्यांना सवय लागली होती. मूल, त्याची आई, आम्ही शिकवणाऱ्या, कुणी पाहुणा आला तर तोही. नवख्या माणसाला वाटावं, ही मंडळी गाडीची वाट पाहत बसली आहेत.

"समोर बठं का मानूस तपासाले लागस," बेन अहिराणीत म्हणायच्या, "बाजूले बठं का संगे ऱ्हास."

एकदा जिल्ह्याच्या कचेरीतले एक साहेब तपासणीला आले. खुर्ची कुठे आहे म्हणून त्यांनी चारी दिशांना पाहिलं. बेननी त्यांना चटईवर बसवलं, तेही एका पोराच्या शेजारी. हा पोरगा डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवायचा, सकाळी आला की दुपारी जाईपर्यंत तेच. आणि बेन काय करायच्या, तर आणखी एक झाकण घेऊन त्याच्या बाजूला बसून तेही फिरवायच्या. तीन दिवस त्या नुसतं झाकण फिरवत होत्या. साहेब आले तो चौथा दिवस. त्या दिवशी बेननी मधेच हात थांबवला. पोरानं आपलं झाकण थांबवलं, बेनचं मनगट धरलं आणि त्यांचा हात उचलून त्यांच्या झाकणावर नेऊन ठेवला. फिरव, म्हणून.

"बोलना तो," बेन साहेबांना म्हणाल्या. मग आठवण होऊन मराठीत म्हणाल्या, "बोलला तो." साहेबांशी त्या मराठी बोलायच्या, तीही लग्नकार्यात नेसायच्या साडीसारखी, जपून. साहेबांना यातलं काय कळलं ठाऊक नाही, पण जाईपर्यंत ते झाकणाकडेच बघत होते.

आमच्याकडे अशी मुलं यायची. बोलत नाहीत, नजर देत नाहीत, एखादी गोष्ट धरली की सोडत नाहीत. त्यांना रोजचं जगणं शिकवायचं, म्हणजे मागणं, थांबणं, नको म्हणणं. मोठ्या गावांत त्याला बिहेवियर थेरपी म्हणतात. शहाद्यात 'बेनना क्लास', म्हणजे बेनचा क्लास, म्हणत.

बेन तिथल्याच. राजस्थानातून येऊन तीन पिढ्या शहाद्यात कापडाचं दुकान चालवणाऱ्या जैन घरातल्या. बडोद्याला शिकल्या, तिथंच बरीच वर्षं नोकरी केली आणि पन्नाशीच्या आसपास एकट्या परत आल्या. लग्न केलं नव्हतं. केस पोरासारखे कापलेले, त्यामुळे बाजारपेठेत चार दिवस दुसरा विषय नव्हता म्हणे. घरी मारवाडी, क्लासमध्ये अहिराणी. वडील गेले होते, मोठे भाऊ दुकान बघत. भावाच्या घरात न राहता त्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायच्या. तिथं एक पलंग होता आणि एकच खुर्ची. पाहुण्यांनी येऊ नये अशी ती खोली होती.

मी त्यांच्याकडे लागले ती गोष्टही सांगण्यासारखी आहे. मी ब्राह्मणपुरीची. विशेष मुलांना शिकवायचा डिप्लोमा केला होता आणि नोकरी मिळत नव्हती. अर्ज घेऊन गेले, तर बेननी अर्जाकडे बघितलंच नाही. "तुन्हा घर येस," म्हणाल्या. दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं त्या आमच्या दारात. हातात स्टीलचा डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली. ओट्यावर बसल्या त्या बसल्याच. माझी आई भाकरी थापतेय, वडील शेतात जातायत, म्हैस येतेय, शेजारीण डोकावतेय, आणि बेन भिंतीला टेकून बघतायत. कुणाला काही विचारत नाहीत. मी चार वेळा माझ्या शिक्षणाबद्दल बोलायला गेले, तर "बठ ना" म्हणून गप्प केलं.

आई कातावली. त्यात जेवणाचा घोळ. बेन कांदा-लसूण खात नाहीत, बटाटा नाही, वांगं नाही. खान्देशातल्या स्वयंपाकातून एवढं काढलं तर भाकरी आणि मीठ उरतं. "आमना घर लसूनबिगर चटनी व्हसच नई," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. बेननी डबा आणला होता, पण पाहुण्यानं आपल्या ओट्यावर बसून आपला डबा खायचा हे आईच्या पचनी पडेना. शेवटी कळण्याची भाकरी आणि दूध यावर तडजोड झाली. सूर्य कलायला लागला तशा बेन उठल्या, "सोमवारी ये" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"हाई बाई तुले नोकरी देवाले उनी व्हती का मन्ही परीक्षा लेवाले?" आई म्हणाली.

मला नोकरी का दिली हे मी पुढे एकदा विचारलं. बेन म्हणाल्या, "तुन्ही माय तुन्हासंगे बोलतांना हातमानं काम थांबाडस. जिले कोनी ऐकं, ती दुसरानं ऐकस." आईनं काम थांबवल्याचं मला तर कधी दिसलं नव्हतं.

हेच त्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत करायच्या. क्लासमध्ये घेण्याआधी एक अख्खा दिवस त्याच्या घरी जाऊन बसायचं. शिकवायचं नाही, तपासायचं नाही, नुसतं बसायचं. मूल तहान लागली की काय करतं, कुणाकडे जातं, त्या घरात पाण्याला काय म्हणतात, आईला काय म्हणतात. परत आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ते शब्द लिहून ठेवायच्या. मुलाला पहिला शब्द शिकवायचा तो त्या पानावरचा. पुस्तकातला नाही. मी एकदा हुशारी करून एका मुलाला 'मला भूक लागली आहे' असं शुद्ध शिकवलं, तर बेननी कपाळाला हात लावला. "घर जाईसन हाऊ कोनासंगे बोलावा? रेडिओसंगे?"

आणखी एक त्यांचं वाक्य होतं, ते मी माझ्याकडे शिकवायला येणाऱ्या नव्या मुलींना अजून सांगते: "पोऱ्या काय करस हाई नको देखू, कोनासाठे करस ते देख."

मुलं मात्र अकरा. बारावं घ्यायचं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अकरा घरं मले डोया मिटीसन दिखतस. बारावानं दार कोठे शे ते आठवनं पडस." आणि क्लास सूर्यास्ताच्या आत संपायचा, कारण त्यानंतर त्या जेवत नसत. पाच वाजले की त्यांचं लक्ष खिडकीतून आभाळाकडे. नोकरी करणारे आईबाप संध्याकाळच्या बॅचसाठी हात जोडायचे. बेन म्हणायच्या, दिवसभर दमलेलं पोर संध्याकाळी शिकत नाही, नुसतं ऐकतं. ते खरंही होतं, पण बेनना भूक लागलेली असायची हेही खरं होतं.

मोठे भाऊ कधीमधी जिना चढून यायचे. चांगला माणूस. नव्या कॉलनीत त्यांनी इमारत बांधली होती, तिचा एक मजला ते बहिणीला द्यायला निघाले होते. "वाढाडं नई तर ऱ्हास नई, बाई," ते आमच्यासमोर अहिराणीत म्हणायचे. "लोके दारशी उभा शेतस आनि तू उनेल पोरगाले घर धाडी देस!"

हेही खरं होतं. मूल शाळेत बसायला लागलं, दुकानात जाऊन वस्तू मागायला लागलं, की बेन त्याला सुट्टी द्यायच्या. कायमची. गूळ-शेंगदाणे वाटायचे आणि उद्यापासून यायचं नाही. आया रडायच्या, आणखी सहा महिने ठेवा म्हणायच्या. बेन ऐकायच्या नाहीत. मला हे फार जड जायचं. ज्या मुलाला आपण दोन वर्षं हातानं घास घ्यायला शिकवलं, ते नीट जेवायला लागल्याबरोबर दुसऱ्याचं व्हायचं.

त्यांना जड जात नसेल असं मला वाटायचं. मग एकदा आम्ही दोघी एसटी स्टँडवर तळोद्याच्या गाडीसाठी उभ्या होतो. समोरून कॉलेजात जाण्याएवढा एक मुलगा आला. बेननी माझा दंड धरला. चार वर्षं हा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्यानं दुसऱ्याच एका गाडीची पाटी वाचली, कंडक्टरला काहीतरी विचारलं, बेनच्या अगदी अंगावरून गेला आणि गाडीत चढला. ओळख नाही, काही नाही. बेन हसल्या. "देखं? मले वळखं नई. आते हाऊ बरा व्हयना." गाडी निघून गेली तरी त्या त्याच बाजूला बघत होत्या.

बेन गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. मी नंदुरबारहून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. भावाच्या घरी समाजाची माणसं होती, दुकानातली होती. आमच्या मुलांपैकी कुणी नव्हतं. असणार कुठून, सगळे बरे झाले होते.

माझी आज चार गावांत केंद्रं आहेत. नावाची पाटी आहे, केबिन आहे, केबिनमध्ये टेबल आहे. माझ्या केंद्रातल्या मुलींना मुलाच्या घरी गेल्याचा फोटो आणि जागेची नोंद मोबाइलवरून पाठवावी लागते, तीही तासातासाला. मॅडमचा विश्वासच नाही आमच्यावर, असं त्या आपसांत म्हणतात. म्हणू देत. हा नियम मी का केला ते त्यांना ठाऊक नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

आमच्याकडे एक वही होती, जागा नाही म्हणून परत पाठवलेल्या मुलांची. बेन कुणाला खोटी आशा लावायच्या नाहीत. "जागा नई," असं तोंडावर सांगायच्या, आईला बाजूला बसवून तासाभरात काहीतरी एक गोष्ट शिकवायच्या आणि पाठवून द्यायच्या. त्यानंतर तो दिवस त्या कुणाशी धड बोलायच्या नाहीत. वही भरली, दुसरी घेतली. ती वही मीच लिहायचे आणि माझा जीव तुटायचा. त्यातच रमिला यायची. खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरून, आपल्या मुलाला, विनेशला घेऊन. आधी रेल्वे, मग एसटी. तीनदा आली, तीनदा परत गेली. तिसऱ्यांदा ती चपला घालत असताना विनेशनं तिचा हात धरून पाण्याच्या माठाकडे ओढलं. तिनं त्याला पाणी पाजलं आणि ती जिना उतरली.

मी बेनशी भांडले. म्हटलं, "अकरा पोरांचं सोनं करायचं आणि बाकीच्यांनी काय करायचं? तुमचा नेम सांभाळायला ती जन्मली आहेत का?" बेनना मी पहिल्यांदाच उलटून बोलत होते. माझं चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. पण खरं सांगायचं तर नुसती कळकळ नव्हती. मला अकरा मुलांच्या खोलीत म्हातारं व्हायचं नव्हतं. शाखा काढावी, चार माणसांनी ओळखावं, हेही होतंच. दोन्ही एकाच वेळी होतं आणि कुठलं किती ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

बेन म्हणाल्या, "खांडबाराले कर मग. पन हरेक घर जाईसन दिनभर बठनं पडी. मन्हा गुडघा आते चालतस नई. तू बठशी?"

"बसेन," मी म्हटलं.

गुजरातेतल्या एका ट्रस्टनं मदत केली. स्टेशनजवळ जागा घेतली, भिंतींना रंग दिले, दोन मुली शिकवून तयार केल्या. पहिल्या तीन घरी मी बसले. अगदी सकाळपासून दिवस कलेपर्यंत. चौथ्या घरी दुपारी निघाले. नंतर मुलं भराभर यायला लागली. अहवाल, फोटो, ट्रस्टच्या लोकांचे फोन. प्रत्येक मुलाच्या फॉर्मवर 'घरभेट' असा रकाना होता. विनेशच्या फॉर्मवर मी बरोबरची खूण केली तेव्हा मनाशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाईन. रमिलाला मी तीनदा भेटलेय, तिला ओळखते, असंही म्हटलं. बेन कधी फॉर्म बघायला मागत नसत. दर शनिवारी फोन करून एवढंच विचारायच्या, "बठनी ना?" मी हो म्हणायचे. पहिल्यांदा हो म्हणताना जीभ अडखळली, नंतर नाही.

विनेश तर आमचा हिरा निघाला. त्याला तहान लागली की तो आमच्या मुलींचा हात धरून ओढायचा. ते कमी करायचं आणि त्याजागी चित्राचं कार्ड द्यायला, तोंडानं मागायला शिकवायचं असं मी ठरवलं. तो ओढायला लागला की मुली हात काढून घ्यायच्या, 'हात मागे' म्हणायच्या आणि कार्ड पुढे करायच्या. दोन-तीन महिन्यांत ओढणं बंद. तो दिवसात किती वेळा ओढतो त्या तक्त्यावरची रेघ खाली खाली येत जमिनीला टेकली, तशी माझी कॉलर ताठ. आणि एक दिवस तो कार्ड देऊन म्हणाला, "पाणी पाहिजे."

वर्ष भरलं तेव्हा ट्रस्टची माणसं आली. हॉल घेतला होता, पडद्यावर विनेशचा व्हिडिओ दाखवला. कार्ड, पाणी पाहिजे, ग्लास. टाळ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नव्हतं ते. मग बेनचा सत्कार करायचा म्हणून मी शाल घेऊन त्यांना बोलवायला मागे गेले. त्या शेवटच्या रांगेत रमिलाशेजारी बसल्या होत्या, दोघींची तोंडं पडद्याकडे. रमिला घरी तिच्या बोलीत बोलायची. आमच्याशी बाजारात शिकलेल्या मराठीत.

"बेन, पयले तो माझा हात धरायचा," ती म्हणत होती. "माठावर नेऊन ठेवायचा. आता नाय धरत."

"मंग पानी कसं मांगस?"

"नाय मागत. मी भरून ठेवते. कधी पितो, कधी नाय पीत." मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "यांच्याशी बोलतो. माझ्याशी होतं ते पण गेलं."

तक्रारीचा सूर नव्हता. आपलंच काही चुकलं असेल अशा आवाजात ती बोलत होती.

मी शाल धरून उभी. बेननी वर माझ्याकडे बघितलं. "तू इन्हा घर बठनी व्हती ना?"

रमिला शेजारी होती. तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, "हो."

बेन उठल्या, स्टेजवर गेल्या, शाल घेतली, खाली उतरल्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या आपन दोन्ही जाऊत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेल्वेनं आल्या. डबा, पाण्याची बाटली, आणि आता हातात काठी. रमिलाच्या पाड्याच्या फाट्यावर रिक्षानं आम्हाला सोडलं. तिथून दोन वाटा फुटत होत्या, एक सागाच्या झाडांतून वर, एक ओहोळाकडे.

"चाल, व्हय पुढे," बेन म्हणाल्या.

मी चार पावलं वरच्या वाटेनं गेले. थांबले. मागे आले. बेन काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. एक म्हातारा बैल घेऊन येत होता. दुसरा इलाजच नव्हता. मी त्याला विचारलं, "रमिलाबाईचं घर कोणतं?"

त्यानं ओहोळाकडे हात केला. बेन माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या समोरच्या सागाकडे बघत होत्या. मग काठी टेकत ओहोळाच्या वाटेला लागल्या आणि मी त्यांच्या मागून चालले. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुडाच्या भिंतींचं स्वच्छ सारवलेलं घर. दाराशीच माठ. विनेश एका कोपऱ्यात बांबूची सालपटं सोलत होता. बेन त्याच्या बाजूला जाऊन बसल्या, मी दारात. ऊन चढलं. विनेश उठला, माठापाशी गेला आणि उभा राहिला. रमिला चुलीपाशी होती, हाताच्या अंतरावर. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरले, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि कोपऱ्यात परत येऊन बसला. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

'हात मागे.' आम्हीच शिकवलं होतं. सकाळी येऊन कुणीही इथं एक दिवस बसलं असतं, तरी त्याला दिसलं असतं की या घरात हात धरणं हेच त्या दोघांचं बोलणं आहे. त्या घरात कार्ड नव्हतं आणि 'पाणी पाहिजे' असं कुणी म्हणत नव्हतं. मी त्याचं जे होतं ते काढून घेतलं आणि दिलं ते स्टेशनजवळच्या रंगीत खोलीतच चालणारं.

तिसऱ्यांदा तो माठापाशी गेला तेव्हा बेन रमिलाला हळूच म्हणाल्या, "आते तू धर त्यान्हा हात."

रमिलानं पदराला हात पुसले. पाठीमागून त्याची बोटं सोडवली, एक हात घेऊन स्वतःच्या मनगटावर ठेवला, तिच्या बोलीतला पाण्याचा शब्द म्हणाली आणि तो हात तसाच ठेवून पाणी ओतलं. तो प्यायला. पिताना भिंतीकडे बघत होता. संध्याकाळपर्यंत तिनं असं चार-पाच वेळा केलं. त्यानं आपणहून एकदाही हात धरला नाही. बेन काही शिकवत नव्हत्या. नुसत्या बसून होत्या.

परतताना खांडबाऱ्याच्या स्टेशनवर गाडीला वेळ होता. सूर्य खाली आला होता, म्हणून बेननी बाकावर डबा उघडला. अर्धी पोळी मला दिली. मी ती हातात धरून बसले. म्हटलं, आता बोलतील. मी तयारी केली होती. कामं किती होती, मुलं किती वाढली होती, हे सगळं सांगायचं होतं आणि मग माफी मागायची होती. त्यांनी डबा बंद केला आणि त्या पाणी प्यायल्या.

"सकाय तू एकटी जाय," त्या म्हणाल्या. "घर आते तुले माहीत शे."

बस एवढंच. त्या पुढे कधी त्या खोटेपणाबद्दल बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या लोकांना दुसऱ्या शाखेसाठी जागा दाखवायची होती. तिसऱ्या दिवशी मुलींच्या मुलाखती होत्या. त्यानंतरच्या दिवशी काय होतं ते आठवत नाही, पण काहीतरी होतंच. आणि खरं कारण म्हणाल तर त्या पोराचे पाठीमागे घेतलेले हात मला पुन्हा बघवणार नव्हते. मी गेले नाही.

बेन गेल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, आधी एसटी मग रेल्वे, दर गुरुवारी. मला हे खांडबाऱ्याच्या आमच्याच एका मुलीकडून कळलं. पावसाळा संपता संपता विनेशनं एकदा आपणहून आईचा हात धरला, हेही तिनंच सांगितलं. मी त्या दिवशी नव्या शाखेच्या पाटीचा रंग ठरवत होते.

त्यानंतर वेगळी होईपर्यंत चार-पाच महिने मी बेनच्या हाताखालीच होते. दर शनिवारी त्यांचा फोन यायचा. मुलींची चौकशी करायच्या, आईची तब्येत विचारायच्या, पाऊसपाण्याचं बोलायच्या. 'बठनी ना?' एवढं मात्र पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विसरल्या असतील, किंवा राग असेल. आता मीही मुली कामाला ठेवते, तेव्हा समजतं. त्यांनी विचारलं असतं तर मी पुन्हा हो म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही.